हात बसला म्हणजे

पापडांच्या पहिल्या दिवशी चौघी मिळून जेवढे लाटतात, तेवढे चौथ्या दिवशी दोघी लाटतात. कारखान्याचेही तसेच. ह्याचा मोठा दाखला दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेत सापडतो.

जर्मन पाणबुड्या मालाची जहाजे बुडवीत होत्या, म्हणून एकाच नमुन्याची ‘लिबर्टी’ जहाजे बांधावयास घेतली. १९४१ साली बाल्टिमोरला पाण्यात उतरलेले पहिले जहाज ‘पॅट्रिक हेन्री’ पुरे होण्यास २४४ दिवस लागले. पुढे सरासरी सुमारे ४२ दिवसांवर आली! एकंदर २,७१० जहाजे झाली. कामकरी बहुतेक नवशिके. त्यांत हजारो बायका. भाग आधी जमिनीवर तयार करावयाचे, मग क्रेनने उचलून वेल्डिंगने जोडावयाचे. तेच काम पुनःपुन्हा केल्याने हात कोठे अडतो ते उमगे आणि मांडणी सुधारे. १९४२ साली रिचमंडला ‘रॉबर्ट पिअरी’ साडेचार दिवसांत उतरविले, पण भाग अगोदरच जुळवून ठेवलेले होते. मला तर तो देखावाच वाटतो.

घाईची बाजूही सांगितली पाहिजे. थंड समुद्रात काही जहाजांना तडे गेले, काही दुभंगलीही. सारा दोष वेल्डिंगवर आला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर ह्या विदुषीने दाखविले की मूळ पोलादच थंडीत ठिसूळ होत होते. वेल्डिंगने पत्रा अखंड झाल्यामुळे तडा मात्र लांबवर धावे. मग तो अडविण्यास रिव्हेटांच्या पट्ट्या बसविल्या, हॅचचे कोपरेही सुधारले.