पदवीची वाट आणि नीरेचा पूल

पुण्याहून येताना नीरा नदी ओलांडली की साताऱ्याचा खंडाळा तालुका लागतो. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यात आहे. शिक्षणाचा एवढा मोठा वारसा लाभलेल्या या भूमीत कारखानदारी मात्र महाविद्यालयांच्या मागोमाग आली नाही. ती महामार्गाच्या कडेने आली. शिरवळ-खंडाळ्याच्या माळावर औद्योगिक वसाहती झाल्या, २०१३ साली एशियन पेंट्सचा प्रचंड कारखाना सुरू झाला. मग पदवीने या प्रदेशाला दिले तरी काय, असा प्रश्न आम्हांस पडतो.

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिक उत्तीर्ण नव्हते. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. साताऱ्याच्या कूपर कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. गावाचे दारिद्र्य त्यांनी फिरत्या विक्रेत्याच्या पायांनी पाहिले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. ‘कमवा आणि शिका’ योजनेत मुले शेतात खपत व शिक्षणाचा खर्च भागवीत. त्यांतील कितीतरी पदवीधर रयतच्याच नव्या शाळांत शिक्षक झाले. शाळा पदवीधर घडवी आणि पदवीधरास शाळाच पोसी! (आपल्या ख्रिस्ती घरांतही शिक्षकी पेशाची वाट अशीच परिचयाची.) परंतु शाळांच्या जागा भरल्यावर हे चक्र मंदावणे अटळच होते.

१९८३ साली सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळाली. साखरपट्ट्यात अभियंते घडू लागले. पण साखर कारखान्यांत जागा त्या किती असणार? बहुतेकांनी पुण्या-मुंबईची वाट धरली. घरी मनिऑर्डर आली, विहीर झाली, धाकट्याची फी भरली गेली. ही प्रगती आम्ही क्षुल्लक मानीत नाही. तथापि ज्या गावाने मुलास शिकविले, त्याला त्या विद्येचा उपयोग झाला तो असा दुरूनच.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ या परिपत्रकात सुशिक्षितांच्या बेकारीकडे लक्ष वेधले होते. समाजाच्या खऱ्या गरजांशी शिक्षणाचा मेळ नसेल तर ती वाढते, असे त्यांचे निदान होते. खंडाळ्यात आता कारखाने दाराशी आहेत. यंत्र दुरुस्त करणारा, रंगाची रासायनिक परीक्षा करणारा, मालाचा हिशेब राखणारा तरुण तेथे हवा असतो. तो तालुक्यातच घडावा, याची तजवीज त्याच्या कॉलेजात व्हावी लागेल. नाहीतर कारखाना खंडाळ्यात आणि त्यातील जाणते हात मात्र नीरेच्या पलीकडून, असेच चालू राहील.