नदीची जंत्री

मृगाचा पहिला पाऊस जमिनीत मुरला की आपल्याकडे वारुळांतून पंख फुटलेल्या वाळव्यांचे थवेच्या थवे बाहेर पडतात, आणि कावळ्या-साळुंक्यांपासून दिव्याखालच्या पालीपर्यंत सारे जीव इतर भक्ष्य विसरून तेवढ्याच मेजवानीवर तुटून पडतात. हे ज्याने पाहिले असेल त्याला इंग्लंडच्या दक्षिणेस हॅम्पशर परगण्यातील टेस्ट आणि इचेन या नद्यांवर मे महिन्याच्या अखेरीस काय घडते याची कल्पना करणे जड जाणार नाही. या नद्या खडूच्या टेकड्यांत मुरलेल्या पावसाच्या झऱ्यांवर वाहतात, म्हणून त्यांचे पाणी स्फटिकासारखे निर्मळ असते आणि त्यातील ट्राउट मासा काठावरूनही स्पष्ट दिसतो. तळाच्या गाळात सुमारे दोन वर्षे अर्भकावस्थेत काढलेला मेफ्लाय नावाचा कीटक या दिवसांत पृष्ठभागावर येतो, कात फोडतो आणि मळकट पंख सुकवीत क्षणभर पाण्यावर वाहत जातो. मग काठच्या पानावर बसून तो पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यानंतर कात टाकण्याचा हा प्रकार सबंध कीटकसृष्टीत याच्याच कुळापुरता आहे. दुसऱ्या कातीतून काचेसारख्या पंखांचे जे रूप निघते त्याला अन्नग्रहणाचे सामर्थ्यच नसते. सायंकाळी हवेत नृत्य, मीलन, पाण्यावर अंडी आणि मृत्यू, एवढ्यात त्याचे प्रौढ आयुष्य आटोपते.

ट्राउट अशा वेळी ज्या रूपाचे भक्ष्य विपुल असेल तेवढेच टिपत राहतो आणि शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही. पिसे, लोकर आणि रेशीम गळावर बांधून त्या दिवसाच्या, किंबहुना त्या घटकेच्या, कीटकाची प्रतिकृती करावयाची ही विद्या ट्राउटच्या या सवयीतूनच उद्भवली.

तिचा सर्वांत जुना उपलब्ध दाखला मात्र इंग्लंडातील नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकाळी रोममध्ये राहून ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एलियनने मॅसेडोनियाच्या मुलखातील अ‍ॅस्ट्रीअस नदीवरच्या कोळ्यांची हकिकत सांगितली आहे. तेथील ठिपकेदार मासे पाण्यावर घोंघावणारी एक माशी खात. परंतु ती हाती धरताच तिचा रंग आणि पंख यांची नासाडी होई, म्हणून ते लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बसवीत. हे काम शास्त्र्यांचे नव्हे, पोटासाठी नदीकाठी दिवस काढणाऱ्यांचे होते, हे मला फार मोलाचे वाटते.

इंग्रजीतील पहिला छापील दस्तऐवज 1496 सालचा आहे. डेम ज्युलियाना बर्नर्स या स्त्रीच्या नावाशी परंपरेने जोडलेल्या त्या लहानशा निबंधात मार्चपासून ऑगस्टपर्यंत बारा कृत्रिम माश्यांची महिनेवार जंत्री दिली आहे. आणि तिच्याहूनही मार्मिक असा एक उपदेश त्यात आहे, तो असा की मोठा मासा हाती लागला तर त्याचे जठर चिरून पाहावे आणि आत जे सापडेल तेच आमिष करावे. या विद्येचे दोन मार्ग येथेच फुटले, असे माझे मत आहे: एक जंत्रीवर विसंबणाऱ्यांचा, दुसरा दर वेळी स्वतः रुजुवात घेणाऱ्यांचा. 1676 साली डर्बीशर व स्टॅफर्डशर यांच्या सीमेवरील डव्ह नदीकाठच्या चार्ल्स कॉटनने आयझॅक वॉल्टनच्या प्रसिद्ध ग्रंथाला पुरवणी जोडली, तेव्हा माश्यांची संख्या पासष्टावर गेली आणि जंत्री बारा महिन्यांची झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक हॅलफर्डने टेस्ट नदीवर जॉर्ज मॅरिएट या निष्णात मित्राच्या साहाय्याने पाण्यावर तरंगणाऱ्या माश्यांचे शास्त्र सिद्ध केले. त्याचे 1886 आणि 1889 सालचे ग्रंथ निरीक्षणाने ओथंबलेले आहेत. पण शिष्यांच्या हाती त्या निरीक्षणाचे फर्मान झाले. तरंगती माशी, तीही पृष्ठभागावर खाताना दिसलेल्या माशालाच टाकावयाची, याखेरीज सर्व वर्ज्य! इचेनवर मासे धरणारा वकील जी. ई. एम. स्क्यूझ याने पकडलेल्या माशांच्या जठरांत काय आहे ते चमच्याने काढून तपासले आणि ट्राउट पाण्याखालची अर्भकेही मुबलक खातो हे दाखवून 1910 मध्ये आपली कैफियत ग्रंथरूपाने मांडली. चार शतकांपूर्वीचा तो जठर चिरण्याचा उपदेशच त्याने पाळला होता. तरीही 1938 साली, एकोणऐंशी वर्षांच्या या वृद्धाला लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात आपल्या पद्धतीचा बचाव करावा लागला. या वादात मी निःसंकोच स्क्यूझच्या बाजूचा आहे.

परंतु कालक्रम मोडून जे नाव मी मागे ठेवले ते अ‍ॅल्फ्रेड रोनल्ड्सचे. विद्युत्‌-तारायंत्राच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या सर फ्रान्सिस रोनल्ड्सचा हा धाकटा भाऊ. स्टॅफर्डशरमधील ब्लाइद नदीवर त्याने पाण्याच्या अगदी कडेला खिडक्यांची एक लहानशी झोपडी उभारली आणि आत बसून माशांच्या चर्या न्याहाळल्या. ट्राउटला चव कळते काय, हे पाहण्यासाठी त्याने मेलेल्या घरमाश्या नळीतून फुंकून त्याच्यासमोर टाकल्या, मग लाल मिरचीपूड व मोहरी लावलेल्या टाकल्या. माशाने त्याही गिळल्या. ऐकू येते काय, हे पाहण्यासाठी मित्राकरवी माशाच्या दृष्टीआड बंदुकीचे बार उडवविले. मासा हलला नाही. प्रकाशकिरण पाण्यात वाकतात, त्यामुळे काठावरचा मनुष्य माशाला कसा दिसतो, हेही त्याने आकृत्यांनिशी समजावले. 1836 साली निघालेल्या त्याच्या ग्रंथात प्रत्येक कीटकाचे शास्त्रीय नाव व ऋतू, आणि रंगीत ताम्रमुद्रित चित्रांत खरा कीटक व त्याची पिसांची प्रतिकृती शेजारी शेजारी आहेत. प्रत्येक नदीकाठी कीटकाला निराळे गावठी नाव असल्यामुळे एका मुलखाचे ज्ञान दुसऱ्याला निरुपयोगी होई. रोनल्ड्सच्या शास्त्रीय नामावलीने ती अडचण दूर केली. हॅलफर्ड आणि स्क्यूझ दोघेही त्याने घातलेल्या पायावरच उभे आहेत.

पुढे पत्नीच्या निधनानंतर रोनल्ड्स मुलांसह ऑस्ट्रेलियास गेला आणि 1860 साली बॅलरॅट येथे वारला. त्या खंडातल्या नद्यांत तेव्हा ट्राउट नव्हता. बर्फात जपून आणलेली त्याची इंग्लंडमधील अंडी टास्मानियास सुखरूप पोहोचली ती 1864 साली.