‘वय झालं’ म्हणजे नेमकं काय झालं? : उशिरा वैमानिक होणाऱ्यांचा इतिहास



मागच्या व्याख्यानात आपण निवृत्तीच्या कल्पनेचा विचार केला. त्यानंतर काही श्रोत्यांनी कळवलं, की निवृत्तीचं ठीक आहे, पण मधल्या वयाचं काय? चाळिशीत एखाद्याला वाटलं की हे काम आता पुरे, दुसरं काही करावं, तर ‘आता तुझं वय झालं’ हे त्याला कोण सांगतं आणि कशाच्या आधारावर सांगतं?

प्रश्न मोठा आहे. तो हवेत सोडायचा नसेल तर एखादा व्यवसाय हातात धरून तपासला पाहिजे. गंमत म्हणा, आम्ही त्यासाठी हवेतलाच व्यवसाय निवडला आहे. विमान कंपनीतला वैमानिक. या व्यवसायात वय हा नुसता लोकांच्या बोलण्याचा विषय नाही. तो नियमांत आकड्याने लिहिलेला आहे, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत, आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद कागदावर आहेत.

आधी एक भेद करून घेऊ. ‘वय झालं’ असं आपण म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एका दमात बोलून जातो. पहिलं शरीराचं वय: डोळे, कान, हृदय. दुसरं हिशोबाचं वय: या माणसावर खर्च केला तर तो पुढे किती वर्षं कामी येईल? आणि तिसरं मानाचं वय: या वयाच्या माणसाने कुणाच्या हाताखाली बसायचं? आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की वैमानिकांच्या इतिहासात हिशोबाचं वय बराच काळ शरीराच्या वयाचे कपडे घालून वावरलं. ते वेगळं काढलं तेव्हा कुठे उशिरा येणाऱ्यांना वाट मिळाली.

सुरुवात १९५९ पासून करू. जेट विमानं नुकतीच आली होती. पॅन ॲमने ऑक्टोबर १९५८ मध्ये बोइंग ७०७ अटलांटिकपार न्यायला सुरुवात केली, आणि जानेवारी १९५९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने तेच विमान अमेरिकेतल्या मार्गांवर आणलं. जुन्या पंख्यांच्या विमानांवर आयुष्य काढलेल्या कॅप्टनांना नव्याने शिकवायचं होतं, आणि हे शिकवणं महाग होतं. त्यातच साठाव्या वर्षी सक्तीने निवृत्त करण्यावरून अमेरिकन एअरलाइन्सचा वैमानिकांच्या संघटनेशी वाद झाला होता आणि लवादात कंपनी हरली होती. तेव्हा कंपनीचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी हवाई वाहतुकीचं नियमन करणाऱ्या सरकारी यंत्रणेचे प्रमुख एलवूड क्वेसाडा यांना पत्र लिहिलं, की वयाची मर्यादा तुम्हीच ठरवून द्या. डिसेंबर १९५९ मध्ये नियम निघाला आणि मार्च १९६० पासून तो लागू झाला. साठ वर्षं पूर्ण झाली की विमान कंपनीच्या विमानाचं सारथ्य बंद.

नियमाला कारण दिलं आरोग्याचं. या वयात हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका अचानक येऊ शकतो, आणि तो कुणाला येईल हे वैद्यकाला आधी सांगता येत नाही, असं ते कारण. ते खोटं होतं असं आम्ही म्हणत नाही. शेकडो प्रवासी मागे बसलेले असताना अशी काळजी रास्तच आहे. पण पुढचं बघा. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ही मर्यादा ६५ वर नेली, आणि डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेनेही कायदा करून तेच केलं. शरीरच जर निर्णायक असतं तर एका रात्रीत पाच वर्षांची वाढ कशी झाली? शरीराची अट तपासणीने लावता येते. सरसकट आकडा लावला जातो, तेव्हा त्यात तपासणीशिवाय आणखी काहीतरी मिसळलेलं असतं.

आता तुम्ही विचाराल, हा तर शेवटाचा नियम झाला, सुरुवातीशी त्याचा काय संबंध? संबंध आहे आणि तो जवळचा आहे. शेवट साठावर पक्का झाला की कंपनीचा हिशोबनीस मागे मोजत येतो. त्या काळी मोठ्या अमेरिकी कंपन्यांत नवा माणूस आधी तिसऱ्या खुर्चीवर, म्हणजे फ्लाइट इंजिनिअर म्हणून बसायचा. मग फर्स्ट ऑफिसर, आणि मग कॅप्टन. हा जिना चढायला, अमेरिकन एअरलाइन्सने पुढे कोर्टात सांगितलं त्याप्रमाणे, सरासरी चौदा ते वीस वर्षं लागत. चाळिशीत आलेला माणूस कॅप्टन होईपर्यंत साठीच्या दारात. मग त्याला घ्यायचंच कशाला? म्हणून त्या कंपनीने नव्या भरतीसाठी चाळिशीची रेघ ओढली होती. युनायटेड एअरलाइन्सची रेघ तर पस्तिशीची.

१९६७ मध्ये अमेरिकेत वयावरून नोकरीत भेदभाव करायला मनाई करणारा कायदा झाला. चाळिशीच्या पुढच्या माणसांना त्याने संरक्षण दिलं. म्हणजे या रेघा आणि हा कायदा यांची कधीतरी गाठ पडणारच होती. ती दोन खटल्यांत पडली. दोन्ही उमेदवार अनुभवी वैमानिक होते. एक चाळिशी नुकतीच ओलांडलेला, दुसरा पन्नाशीकडे झुकलेला. दोघांनाही वयामुळे नकार मिळाला होता. १९८१ मध्ये दोन वेगळ्या अपील न्यायालयांनी निकाल दिले, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध निघाले! अमेरिकन एअरलाइन्सच्या खटल्यात न्यायालयाने कंपनीची रेघ मान्य केली. त्याच कंपनीत दीर्घ काळ मुरलेला कॅप्टन अधिक सुरक्षित, आणि उशिरा येणाऱ्याला मुरायला वेळ उरत नाही, हा युक्तिवाद तिथे टिकला. युनायटेडच्या खटल्यात उलट झालं. पस्तिशीनंतरचा माणूस सुरक्षितपणे काम करू शकणार नाही हे कंपनीला दाखवता आलं नाही, आणि प्रशिक्षणाचा खर्च भरून निघत नाही ही सबब वयावरून नाकारायला पुरेशी नाही, असं ते न्यायालय म्हणालं.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात हिशोब सुरक्षिततेच्या पोटात लपलेला आहे. दुसऱ्यात न्यायालयाने त्याला बाहेर ओढून उजेडात ठेवला. चार वर्षांनी, १९८५ मध्ये, वेस्टर्न एअर लाइन्सचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. साठीला आलेल्या कॅप्टनांचं म्हणणं होतं, आम्हाला विमान चालवता येत नसेल तर नसो, आम्ही तिसऱ्या खुर्चीवर फ्लाइट इंजिनिअर म्हणून बसतो. साठीचा नियम त्या खुर्चीला लागू नव्हता. तरी कंपनी नको म्हणाली. न्यायालयाने एकमताने कंपनीच्या विरोधात निकाल दिला. सगळे म्हातारे सारखेच, असं धरून चालता येणार नाही, तसं धरायचं तर त्याला खरा आधार दाखवा, असा त्या निकालाचा रोख.

या प्रकरणात आम्हाला कायद्याइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आयुष्यभर डाव्या खुर्चीवर, म्हणजे कॅप्टनच्या जागी, बसलेली ही माणसं मागच्या खुर्चीवर बसायला आपण होऊन तयार होती. इथे आपण तिसऱ्या वयाकडे येतो, मानाच्या वयाकडे.

कॉकपिटमधली उतरंड फार कडक होती, आणि तिची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. केएलएमच्या विमानाचा कॅप्टन कंपनीतला मोठा प्रशिक्षक होता. शेजारचा फर्स्ट ऑफिसर या विमानासाठी पात्र आहे की नाही याची परीक्षा काही आठवड्यांपूर्वी त्यानेच घेतली होती. समोरचं विमान अजून धावपट्टीवर असेल का, ही शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली. ती झटकली गेली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात युनायटेडचं एक विमान चाकांच्या बिघाडाचा उलगडा करता करता इंधन संपून पोर्टलंडजवळ पडलं. दहा जण गेले. इंधन कमी होतंय हे कॉकपिटमध्ये ठाऊक होतं, पण ते ठासून सांगितलं गेलं नाही.

यानंतर १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली, आणि १९८१ मध्ये, म्हणजे त्या दोन निकालांच्याच वर्षी, युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी वेगळं प्रशिक्षण सुरू केलं. कनिष्ठाने शंका स्पष्ट बोलायची आणि ज्येष्ठाने ती ऐकून घ्यायची, हे चक्क अभ्यासक्रमात आलं. त्याच वर्षी अमेरिकी अध्यक्षांनी नेमलेल्या एका समितीने दोनच वैमानिकांचं कॉकपिट सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला, आणि तिसरी खुर्ची हळूहळू नाहीशी होत गेली. जिन्याची एक पायरी कमी झाली!

यातलं काहीही मध्यमवयीनांचं भलं करायला घडलेलं नव्हतं, हे लक्षात घ्या. तरी त्यांची वाट याच बदलांतून रुंद झाली. बेचाळिसाव्या वर्षी फर्स्ट ऑफिसर झालेल्या माणसाच्या शेजारी तिशीचा कॅप्टन असू शकतो. जुन्या कॉकपिटमध्ये हे दोघांनाही जड गेलं असतं. नव्या पद्धतीत निदान बोलायचं कसं याची रीत तरी घालून दिलेली आहे.

या नियमांच्या आधीही कुणी उशिरा आलंच नाही असं नाही. यव्होन पोप सिंतेस या ब्रिटिश बाईंचं उदाहरण घ्या. जन्म १९३० चा. आधी हवाई सुंदरी, मग उड्डाण शिकवणाऱ्या, मग गॅटविक विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक. पतीचं अकाली निधन झालेलं, पदरात मुलं. १९६५ मध्ये, पस्तिशीच्या आसपास, त्या एका छोट्या कंपनीत वैमानिक झाल्या आणि १९७२ मध्ये डॅन-एअर कंपनीत कॅप्टन. मोठ्या कंपन्यांचा लांबलचक जिना त्यांनी टाळला. छोट्या कंपनीत पायऱ्या कमी असतात, आणि माणसाची गरज असली की हिशोबनीसाची रेघ पुसट होते.

आता आपल्याकडे येऊ. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी किमान वय १८, आणि विमान कंपनीत ६५ पर्यंत काम करता येतं. किमान २०० तासांचं उड्डाण आणि वैद्यकीय तपासणी, हे सगळं आहेच. पण आणखी एक अट अशी, की बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. म्हणजे कॉमर्सचा पदवीधर, पंधरा वर्षं बँकेत काढलेला, दोन मुलांचा बाप, आधी मुक्त विद्यालयातून बारावीच्या दोन विषयांची परीक्षा देतो. पोराची दहावी आणि बापाची बारावी एकाच घरात! आपल्या आश्रमव्यवस्थेने क्रम लावून दिला होता, आधी ब्रह्मचर्य, मग गार्हस्थ्य. हा माणूस घराचा हप्ता भरता भरता उलटा ब्रह्मचर्याश्रमात जातो. मग गोंदिया, बारामती किंवा परदेशातलं उड्डाण प्रशिक्षण, आणि पुढे विशिष्ट विमानाचं वेगळं प्रशिक्षण. एकूण खर्च अर्ध्या कोटीच्या पुढे सहज जातो, आणि शेवटी नोकरी मिळेलच याची हमी कुणी देत नाही.

म्हणून मंडळी, हिशोबाचं वय वाईट आणि ते उडवून लावावं, असा अर्थ कृपा करून काढू नका. कंपनीने तो हिशोब शरीराच्या नावाखाली खपवला, तिथे आमचा आक्षेप आहे. माणसाने स्वतःपुरता तो प्रामाणिकपणे मांडलाच पाहिजे. चाळिशीत सुरुवात केली तर ६५ पर्यंत पंचवीस वर्षं हाती आहेत. त्यातली दोन-तीन शिकण्यात जाणार, पुढची काही कमी पगारात. ही वजाबाकी घरातल्यांसमोर बसून करायची असते, कारण ती त्यांच्याही खिशातून होते.

मानाची बाब त्याहून अवघड. विमान कंपन्यांत बहुतेक ठिकाणी ज्येष्ठतेची यादी असते. कोणतं विमान, कोणत्या दिवशी सुट्टी, कॅप्टनपद कधी, यातलं बरंचसं त्या यादीतल्या क्रमांकावरून ठरतं. तुम्ही आधी बँकेत मॅनेजर होतात की कॉलेजात प्राध्यापक, यादीला त्याचं काही नाही. तुमचा नंबर तळाशी. आपल्याकडे वयाला मान देण्याची सवय इतकी मुरलेली, की तिशीतल्या कॅप्टनला ‘सर’ म्हणताना पंचेचाळिशीतला माणूस आतून आवंढा गिळतो, आणि तो कॅप्टनही थोडा अवघडतोच.

ॲरिस्टॉटलचं एक निरीक्षण इथे उपयोगी पडतं. तो म्हणतो, तरुण माणूस गणितात पारंगत होऊ शकतो, पण व्यवहारातलं शहाणपण त्याला लवकर येत नाही, कारण त्याला अनुभव लागतो आणि अनुभवाला वेळ लागतो. मग उशिरा येणारा माणूस आपला जुना अनुभव कॉकपिटमध्ये घेऊन येतो का? आमच्या मते अर्धा येतो. विमान हाताळण्याचे तास पहिल्यापासूनच मोजावे लागतात. लॉगबुक त्या बाबतीत कुणाची भीडभाड ठेवत नाही. पण आपल्याला काय येत नाही हे ओळखणं, आणि शंका आली तर लाज न बाळगता विचारणं, हे आधीच्या आयुष्यात कमावलेलं असेल तर ते सोबत येतं. टेनेरिफच्या त्या संध्याकाळी नाही तरी दुसरं काय कमी पडलं होतं?

तेव्हा यापुढे कुणी तुम्हाला ‘वय झालं’ म्हणालं तर शांतपणे विचारा, कोणतं वय? शरीराचं असेल तर तपासणी करून बघू. हिशोबाचं असेल तर आकडे मांडू. मानाचं असेल, तर मात्र तो निकाल डॉक्टर किंवा न्यायालय देणार नाही. तो ज्याचा त्यानेच लावायचा.

पुढच्या व्याख्यानात उलट दिशेचा प्रवास बघू. सरला ठकराल १९३६ मध्ये, विशीत, वैमानिक झाल्या. पतीचा मृत्यू आणि महायुद्ध यांमुळे पुढचं उड्डाण प्रशिक्षण थांबलं, आणि त्या लाहोरला चित्रकला शिकायला गेल्या. आकाशातून जमिनीवर येऊन पुन्हा सुरुवात करणं सोपं की अवघड, याचा तोवर आपण सगळेच विचार करू.