गोदाकांठची मोसंबी

घरांत कोणी तापानें अंथरुणास खिळलें, कीं प्रथम आठवण होते ती मोसंबीची. डॉक्टरांनीं सांगण्यापूर्वींच कोणी तरी बाजारांतून अर्धा डझन फळें घेऊन येतें. रस काढून व गाळून तो चमच्याचमच्यानें रोग्यास पाजला जातो. शहरांतील कुटुंबांत ह्या फळाची योग्यता निम्मी औषधाचीच आहे. परंतु तें कोणत्या मातींत पिकतें, आणि पिकविणाऱ्या गांवांचें त्यांत काय गुंतलेलें असतें, ह्याचा विचार रस पिणारा सहसा करीत नाहीं.

मोसंबी मूळची ह्या देशांतली नव्हे. तिच्या कुळाचें आदिस्थान दक्षिण चीन व त्याच्या लगतचा प्रदेश समजतात. दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर तें कुळ जगभर पसरलें. तिच्या प्रवासाची खूण तिच्या नांवांतच राहिली आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक ह्या नांवाचा ‘मोसंबी’ हा अपभ्रंश होय. अशी ही परक्या मुलखाचें नांव घेऊन आलेली पाहुणी. पण २०१६ सालीं तिला ‘जालन्याची मोसंबी’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालें. ज्या मालाचे गुण व लौकिक त्याच्या जन्मभूमीशीं निगडित असतात, त्याच्या नांवाचें रक्षण करणारा कायदा हिंदुस्थानांत १९९९ सालीं झाला आणि २००३ च्या सप्टेंबरपासून अंमलांत आला. ह्याच कायद्याखालीं चेन्नई येथील कचेरींत नागपूरचें संत्रें, बीडचें सीताफळ व सोलापूरचें डाळिंब ह्यांचीं नांवें नोंदलेलीं आहेत. नोंदलेल्या क्षेत्राबाहेर पिकलेल्या फळास तें नांव लावतां येत नाहीं.

आतां जालन्याहून नैर्ऋत्येस पैठण ओलांडून गोदावरीच्या दक्षिण तीरावर यावें. तेथें अहिल्यानगर जिल्ह्यांतील शेवगांव तालुका लागतो. शेवगांव आणि त्याच्या शेजारचें पाथर्डी, ह्या दोन्ही तालुक्यांत मोसंबीच्या बागा आहेत. नदीपलीकडे पैठण तालुक्यांत पाचोड येथें मोसंबीचा मोठा बाजार भरतो, आणि तेथून माल थेट दिल्लीपर्यंत जातो. पर्जन्यछायेचा प्रदेश, विहिरीचें पाणी आणि कोरडी हवा हीं दोन्ही तीरांवर सारखींच. भेद आहे तो मनुष्यानें आंखलेल्या सीमांचा.

ह्या सीमांचा इतिहास मनोरंजक आहे. १९४८ पर्यंत गोदावरीच्या उत्तरेस निजामाचें राज्य होतें, दक्षिणेस १९४७ पर्यंत इंग्रजांचा अंमल. नदी उतरणाऱ्या मालास करोडगिरीचें नाकें चुकत नसे, आणि पलीकडे नाणेंसुद्धां निराळें, हाली शिक्क्याचें. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९६० सालीं महाराष्ट्र एक झाला. जालना हा स्वतंत्र जिल्हा तर १ मे १९८१ रोजीं झाला. तोंवर जालना आणि पैठण एकाच औरंगाबाद जिल्ह्यांत नांदत होते. म्हणजे फळाच्या जन्मभूमीचें जें नांव आज कायद्यानें राखलें आहे, त्या नांवाचा जिल्हा कित्येक बागाइतदारांच्या वयाहूनहि लहान आहे.

नगर जिल्ह्याचें आणि मोसंबीचें नातें त्याहून जुनें आहे. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें आणि प्रवरेच्या कालव्यांचें पाणी बारमाही खेळूं लागलें. तेव्हां बेलापूर-श्रीरामपूरच्या बाजूस मोसंबीच्या बागा उठल्या आणि तेथील फळाचा मुंबईपर्यंत नांवलौकिक झाला. परंतु तें वैभव टिकलें नाहीं. मोसंबीच्या मुळांस पाणी हवें, पण साचलेलें पाणी सोसत नाहीं. भारी काळ्या जमिनींत कालव्याचें पाणी मुरत राहिलें, निचरा झाला नाहीं, आणि झाडें शेंड्याकडून वाळूं लागलीं. पुण्याचे फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा ह्यांनीं त्याच काळांत ह्या रोगाचा जमिनीशीं असलेला संबंध तपासला होता. पुढें ऊंस आला, १९५० च्या सुमारास लोणीस सहकारी साखर कारखाना निघाला, आणि प्रवरेकांठची मोसंबी मागें पडली.

हीच मोसंबी हलक्या, निचऱ्याच्या जमिनींत विहिरीच्या मोजक्या पाण्यावर चांगली येते. जांभेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून कलम करतात. चौथ्या-पांचव्या वर्षीं झाड फळूं लागतें. बहार धरणें ही ह्या बागाईतींतली खरी विद्या. आंबेबहारासाठीं थंडीच्या दिवसांत पाणी तोडून झाडास ताण देतात. पानें पिवळीं पडून कांहीं गळतात. मग खत घालून आंबवणीचें हलकें पाणी व त्यामागून चिंबवणीचें भरपूर पाणी दिलें, कीं झाड फुलानें लवतें. फळ हातीं येण्यास त्यापुढें आठ-नऊ महिने लागतात. बुंध्याला पाणी लागून डिंक्या होऊं नये म्हणून जाणता माळी दुहेरी आळें करतो. पाणी बाहेरच्या आळ्यांत राहतें आणि बुंधा कोरडा राहतो.

परंतु मुद्दाम दिलेला ताण निराळा आणि दैवानें दिलेला निराळा. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीच्या स्मरणांत आहे. २०१२ सालीं पाऊस पुन्हां दगा देऊन गेला, आणि २०१३ च्या उन्हाळ्यांत जालना जिल्ह्यांत टँकरचें पाणी विकत घेऊन झाडें जगविण्याची पाळी आली. ज्यांना तें साधलें नाहीं, त्यांनीं फळत्या बागांवर कुऱ्हाड चालविली. हंगामी पीक बुडालें तर एक वर्ष जातें. बाग जळाली तर नव्या कलमास फळ येईपर्यंत चार-पांच वर्षें जातात, आणि तोंवर घर कशावर चालवावयाचें, हा प्रश्न उरतो.

येथेंच शेवगांवची गोष्ट जायकवाडीशीं येऊन मिळते. ह्या धरणाचा पाया १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्तें घातला गेला व १९७६ सालीं इंदिरा गांधींनीं त्याचें उद्घाटन केलें. पैठण, गंगापूर, नेवासें आणि शेवगांव तालुक्यांतील गांवें नाथसागराच्या उदरांत गेलीं. कांठच्या मळ्यांस पाणी मिळालें. दूरच्या शिवारास विहिरीचाच भरंवसा राहिला. दुष्काळाच्या वर्षीं नगर-नाशिकच्या धरणांतून खालीं किती पाणी सोडावें, ह्यावर दोन्ही बाजूंचे शेतकरी एकमेकांस परके मानूं लागतात. हा तंटा उच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवगांव त्या भांडणाच्या अगदीं शिवेवर आहे. जिल्हा वरच्यांचा, आणि पाणलोट त्याच जलाशयाचा.

मानांकनानें नांवास मान मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे. फसवणुकीस आळा बसतो, दूरच्या गिऱ्हाइकास ओळख पटते. पण नांव राखतां येतें तें कचेरींत, आणि झाड राखावें लागतें तें शिवारांत. प्रवरेकांठीं मोसंबी पाण्याच्या अतिरेकानें गेली, जालन्यास ती पाण्यावांचून जळाली. ह्या दोहोंच्या मधली वाट ज्या बागाइतदारास सांपडेल, त्याचें गांव नोंदलेल्या सीमेच्या आंत असो वा बाहेर, रोग्याच्या वाटींत रस त्याच्याच बागेचा पडेल.