घोरणं, स्लीप ॲप्निया आणि सीपॅप मशीन : नेमकं प्रकरण काय आहे?

१५ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले. वय होतं ६९ वर्षं. त्यांच्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण सांगितलं, 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया'. हे नाव त्या दिवशी अनेकांनी पहिल्यांदाच ऐकलं. आजार मात्र घरोघरी आहे, फक्त आपण त्याला 'घोरणं' म्हणून सोडून देतो.

झोपेत होतं काय?

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांचा श्वासमार्ग त्यामुळे इतका दबतो की श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ अडतो. रक्तातला ऑक्सिजन कमी होतो, मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस दचकून श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही.

तासाला असे ५ ते १५ अडथळे म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३० च्या वर म्हणजे तीव्र आजार. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा!

ओळखायचं कसं?

मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबणं, सकाळी डोकं दुखणं, रात्री वारंवार लघवीला उठणं, औषध घेऊनही बीपी न उतरणं आणि दिवसभर पेंग येणं. श्वास थांबलेला सहसा शेजारी झोपणाऱ्यालाच दिसतो. म्हणून डॉक्टरकडे जाताना घरच्या माणसाला सोबत न्या, किंवा झोपेतला व्हिडिओ काढून न्या.

खात्री होते ती 'स्लीप स्टडी'ने. त्यात रात्रभर श्वास, ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके मोजले जातात. काही वेळा ही तपासणी घरीही करता येते.

मग सीपॅप काय करतं?

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे 'हे ऑक्सिजनचं मशीन आहे.' तसं नाही. सीपॅप खोलीतलीच हवा घेतं, गाळतं आणि नळी व मास्कमधून ठराविक दाबाने नाकात सोडतं. या दाबामुळे घसा मिटत नाही. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती चपटी होत नाही, तसंच. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिवन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचा हा प्रयोग प्रसिद्ध केला. आजची मशीन त्याच तत्त्वावर चालतात. दाब किती ठेवायचा हे डॉक्टर ठरवतात. स्वतःच्या मनाने बदलू नका.

सगळ्यात अवघड भाग : रोज लावणं

मशीन आजार कायमचा बरा करत नाही. ज्या रात्री लावलं, त्या रात्रीपुरतंच ते काम करतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या मोठ्या अभ्यासात हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २,७०० हून अधिक रुग्ण होते. सीपॅपमुळे त्यांची दिवसाची पेंग कमी झाली, पण हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण घटलं नाही. मात्र ते रुग्ण मशीन वापरत होते रात्री सरासरी ३.३ तासच. म्हणून किमान चार तास, आणि शक्यतो पूर्ण झोपभर मास्क लावायला सांगतात.

पहिल्या आठवड्यात गुदमरल्यासारखं वाटतं. त्यावर उपाय आहेत :

- दिवसा जागेपणी टीव्ही पाहताना अर्धा तास मास्क लावून सवय करा.
- हवा डोळ्यांत जात असेल तर मास्कचं माप चुकलंय. दाढी-मिशीमुळेही हवा गळते.
- तोंड कोरडं पडत असेल तर ह्युमिडिफायर वापरा. त्यात बोअरचं पाणी नको, क्षार साचतात. डिस्टिल्ड वॉटर घाला.
- मास्क रोज साबणाच्या पाण्याने धुवा, फिल्टर वेळेवर बदला.

घाटनांदूरसारख्या गावात राहत असाल तर?

पहिल्या तपासणीसाठी थेट पुण्या-मुंबईला पळायची गरज नाही. तालुक्याच्या ठिकाणी, अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे कान-नाक-घसा विभागात दाखवा आणि स्लीप स्टडी जवळ कुठे होईल हेही तिथेच विचारा.

दुसरा प्रश्न विजेचा. लाईट गेली की मशीन बंद पडतं. इन्व्हर्टर असेल तर त्यावर चालतं का, हे विकत घेण्याआधी तपासा. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर बॅटरी जास्त वेळ टिकते. मशीन आधी भाड्याने मिळालं तर उत्तम, मास्क जमतो का ते कळतं. आणि गावाला, लग्नाला किंवा दवाखान्यात ॲडमिट व्हायला जाताना मशीन सोबत न्या. ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या आजाराबद्दल आवर्जून सांगा.

मशीनशिवाय काही?

वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, दारू आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या बंद करणं याने फायदा होतो. सौम्य आजारात जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरणही चालतं. तीव्र आजारात मात्र सीपॅप हाच पहिला उपाय.

शेवटचं, पण महत्त्वाचं. रात्री उसाचा ट्रक, ट्रॅक्टर किंवा जीप चालवणाऱ्याला दिवसाही पेंग येत असेल तर 'दमलाय बिचारा' म्हणून सोडू नका. स्टिअरिंगवर लागलेली एक डुलकी त्याच्यासकट रस्त्यावरच्या इतरांच्याही जिवावर बेतू शकते. त्याची तपासणी होईपर्यंत गाडी दुसऱ्याच्या हातात द्या.