'आपली माणसं अजून तयार नाहीत' : इथिओपियाच्या कॉकपिटचा इतिहास

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत करिअर मार्गदर्शन शिबिर घेतले होते. बारावी सायन्सच्या एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, पायलट व्हायला काय लागतं?" बाहेरून बोलावलेले मार्गदर्शक हसून म्हणाले, "आधी पन्नास लाख लागतात, बाकीचं नंतर बघू." सगळे हसले. मुलगी खाली बसली. आम्ही आयोजक होतो आणि आम्हीही गप्प राहिलो. तेव्हा जे बोलायला हवे होते ते आज लिहितो आहोत. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल, आणि तो आफ्रिकेतला आहे.

पण आधी एक साधा हिशेब समजून घेऊ. विमान विकत किंवा भाड्याने घेता येते, पैसे असले की काही महिन्यांत ते धावपट्टीवर उभे राहते. कॅप्टन मात्र विकत मिळत नाही, तो घडवावा लागतो. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. मोठे विमान कॅप्टन म्हणून चालवण्याचा परवाना हवा असेल तर १५०० तास. शिवाय प्रत्येक प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण वेगळे. म्हणजे नुकताच परवाना मिळालेला तरुण आणि कॅप्टन यांच्यात काही वर्षांचे अंतर असते, आणि ते अंतर को-पायलटच्या खुर्चीत बसूनच कापता येते. ज्या देशात विमान वाहतूक झपाट्याने वाढते, तिथे विमाने आधी येतात आणि कॅप्टन मागे पडतात. मग परदेशी कॅप्टन बोलावले जातात. इथपर्यंत कुणाचे काही चुकत नाही. खरा प्रश्न पुढचा आहे : हे परदेशी किती दिवस राहणार, आणि जाताना कुणाला शिकवून जाणार?

या प्रश्नाचे सगळ्यात ठोस उत्तर इथिओपियाने दिले.

१९३५. मुसोलिनीच्या इटलीचा इथिओपियावर डोळा होता. त्या वेळी एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण अदिस अबाबाला पोचला. त्याचे नाव जॉन रॉबिन्सन. मिसिसिपीत वाढलेला, टस्कगीच्या संस्थेत मोटार मेकॅनिकचे काम शिकलेला. शिकागोच्या विमान विद्यालयाने वर्णामुळे त्याला प्रवेश नाकारला, तेव्हा त्याने तिथेच साफसफाईची नोकरी धरली आणि झाडू मारता मारता वर्गातले ऐकत राहिला. आपल्याला इथे एकलव्य आठवेल. फरक इतकाच की या एकलव्याने अंगठा दिला नाही. शेवटी त्या विद्यालयाला त्याला आणि त्याचा मित्र कॉर्नेलियस कॉफी याला प्रवेश द्यावा लागला, आणि पुढे याच मंडळींनी शिकागोत कृष्णवर्णीयांना उड्डाण शिकवायला सुरुवात केली. त्याआधी बेसी कोलमन या कृष्णवर्णीय स्त्रीला अमेरिकेत कुणी शिकवेना म्हणून फ्रेंच शिकून फ्रान्सला जावे लागले होते. १९२१ मध्ये तिने तिथून परवाना आणला.

इथिओपियाच्या सम्राटाने रॉबिन्सनकडे आपले छोटेसे हवाई दल सोपवले. जुनी, बिनहत्यारी, मोजकी विमाने. ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने आक्रमण केले, विषारी वायू वापरला, आणि १९३६ मध्ये देश पडला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३७ मध्ये, इटालियन व्हाइसरॉयवर बॉम्ब फेकला गेला आणि त्याचा सूड म्हणून अदिस अबाबात कत्तल झाली. त्यानंतर शिकलेल्या इथिओपियन तरुणांना वेचून मारण्यात आले. मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. १९४१ मध्ये देश मुक्त झाला तेव्हा तिथे शिकलेली माणसे खरोखरच कमी होती. पण ती का कमी होती? 'माणसे तयार नाहीत' असे म्हणणाऱ्याने आधी हे सांगावे की ती कुणी तयार होऊ दिली नाहीत.

युद्धानंतर इथिओपियाला विमान कंपनी हवी होती. डोंगराळ देश, रस्ते नाहीत, रेल्वे एकच. मुक्तीनंतर ब्रिटिशांचा देशावर वरचष्मा होता आणि सम्राटाला तो सैल करायचा होता. म्हणून तो अमेरिकेकडे वळला. सप्टेंबर १९४५ मध्ये टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीशी करार झाला. मालकी इथिओपियाच्या सरकारची, कारभार टीडब्ल्यूएचा. ८ एप्रिल १९४६ रोजी अदिस अबाबाहून अस्मारामार्गे कैरोला पहिले विमान गेले. विमाने युद्धातून उरलेली डग्लस सी-४७ होती. वैमानिक अमेरिकन, तंत्रज्ञ अमेरिकन, हिशेबनीस अमेरिकन, जनरल मॅनेजरही अमेरिकन. त्या दिवशी कुणी म्हणाले असते की ही नावापुरतीच इथिओपियन कंपनी आहे, तर ते खोटे ठरले नसते.

पण एक उद्दिष्ट पहिल्यापासून समोर होते : ही कंपनी एक दिवस पूर्णपणे इथिओपियन माणसांनी चालवायची. परदेशी माणूस इथे कायमचा मालक म्हणून आलेला नव्हता. शिकवणे हे त्याच्या कामातच धरलेले होते. १९४४ मध्ये परत आलेला रॉबिन्सनही तरुण इथिओपियनांना उड्डाण शिकवत होता. मार्च १९५४ मध्ये विमान अपघातात जखमी होऊन तो अदिस अबाबातच गेला.

१९५७ मध्ये अलेमायेहू अबेबे कॅप्टनच्या खुर्चीत बसले. इथिओपियन एअरलाइन्सचे ते पहिले इथिओपियन कॅप्टन. पहिल्या उड्डाणापासून अकरा वर्षे लागली. पुढे जेट विमाने आली तेव्हा तीही त्यांनी चालवली. १९६४ मध्ये कंपनीने स्वतःची वैमानिक शाळा काढली, जिथे नंतर आफ्रिकेतल्या इतर देशांची मुलेही शिकायला येऊ लागली. १९७१ मध्ये कर्नल सेमरेत मेधाने हे पहिले इथिओपियन जनरल मॅनेजर झाले. म्हणजे पाव शतकात कॉकपिटपासून मॅनेजरच्या खोलीपर्यंत सूत्रे देशाच्या माणसांकडे आली. आज ती आफ्रिकेतली सगळ्यात मोठी विमान कंपनी आहे.

आता याच वर्षांत अमेरिकेत काय चालले होते ते पाहा. १९५७ मध्येच मार्लन ग्रीन नावाच्या कृष्णवर्णीय हवाई दल वैमानिकाने कॉन्टिनेन्टल या कंपनीकडे अर्ज केला. अनुभव भरपूर होता, तरी नाकारला गेला. तो कोर्टात गेला, आणि १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर १९६४ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने डेव्हिड हॅरिस यांना घेतले. मोठ्या प्रवासी विमान कंपनीने घेतलेले ते पहिले कृष्णवर्णीय वैमानिक मानले जातात. म्हणजे अमेरिकन वैमानिक अदिस अबाबात आफ्रिकी माणसांना कॅप्टन बनवत होते, आणि त्याच वेळी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या आपल्या कृष्णवर्णीय नागरिकाला त्या खुर्चीत बसू देत नव्हत्या.

हा विरोधाभास कसा समजून घ्यायचा? समुद्र ओलांडल्यावर गोऱ्यांचे मन बदलले असे काही नाही. अदिस अबाबात शिकवणे भाग होते, कारण कंपनीची मालकी ज्यांच्याकडे होती त्यांना आपली माणसे हवी होती. शिकागोत मालकी आणि नियम दोन्ही गोऱ्यांकडे होते. लायकी दोन्हीकडे सारखीच होती. लायकी कुणाची मोजायची आणि कुणाची मोजायचीच नाही, हे सत्ता ठरवते. संविधानाच्या कलम ३३५ मधला 'कार्यक्षमता' हा शब्द आपल्या तोंडावर फेकणाऱ्यांना हा इतिहास सांगायला हवा.

इथे दोन गोष्टी स्पष्ट करतो, नाहीतर गैरसमज होईल. एक, आम्ही परदेशी वैमानिकांच्या विरोधात नाही. रॉबिन्सन परदेशीच होता. १९३२ मध्ये जेआरडी टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले, तेव्हा मुंबईहून पुढे मद्रासला ते नेणारे नेव्हिल विन्सेंट परदेशी होते. परदेशी माणूस शिक्षक म्हणून येतो की कायमचा पर्याय म्हणून, एवढाच आमचा मुद्दा आहे.

दोन, इथिओपियाला आम्ही डोक्यावर घेत नाही. तो सम्राटाचा, सरदारांचा देश होता. गुलामगिरी कायद्याने संपवायला तिथे १९४२ उजाडले. 'स्थानिक' माणूस खुर्चीत बसला म्हणजे तळातला माणूस बसला असे होत नाही. परदेशी विरुद्ध स्थानिक या भांडणात स्थानिक म्हणजे कोण, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो विचारायचे काम आपले आहे.

आता आपल्या देशाकडे या. २००३ नंतर स्वस्त तिकिटांच्या कंपन्या आल्या, विमानांच्या मोठमोठ्या ऑर्डरी गेल्या आणि कॅप्टन कमी पडले. परदेशी वैमानिकांना तात्पुरती परवानगी देऊन आणले गेले. ही 'तात्पुरती' सोय संपवायला २०१० ची मुदत दिली गेली, ती २०११ वर गेली, मग २०१३ वर, आणि त्यानंतरही वाढत राहिली. त्याच काळात परवाना हातात असलेली हजारो भारतीय मुले घरी बसली होती. कंपन्या म्हणत, आम्हाला कॅप्टन हवेत, २०० तासांची मुले नकोत. पण २०० तासांचे १५०० कुणी करायचे? ती जबाबदारी कुणावरच टाकलेली नव्हती. इथिओपियात जे उद्दिष्ट होते, ते इथे फक्त तारीख होते, आणि तारीख पुढे ढकलता येते.

त्या घरी बसलेल्या मुलांबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. पण तीही अशा घरांतली होती जिथे जमीन किंवा फ्लॅट गहाण ठेवता येत होता. आपली मुले त्या बेकारांच्या रांगेतसुद्धा नव्हती. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिच्या भरतीला आरक्षणाचे नियम लागू होते. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटा समूहाकडे गेली आणि ते दार बंद झाले. बाकी कंपन्या खासगीच आहेत. नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे, याचा आपल्याला अभिमान आहे. गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक प्रशिक्षण संस्थाही आहे. तिथल्या धावपट्टीशेजारच्या गावांतल्या किती मुलांना त्या विमानात बसून शिकता येते, हे आपण विचारले आहे का?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. परदेशी कॅप्टनची प्रत्येक परवानगी स्थानिक को-पायलट घडवण्याच्या लेखी अटीशी जोडा, आणि अट मोडली तर परवानगी रद्द करा. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांचा उड्डाण प्रशिक्षणाचा पूर्ण खर्च, टाइप रेटिंगसकट, शिष्यवृत्तीतून करा. अर्धी शिष्यवृत्ती इथे काही कामाची नाही, कारण अर्धवट तासांचा परवाना मिळत नाही. आणि विमान कंपन्यांनी आपल्या वैमानिकांची सामाजिक आकडेवारी जाहीर करावी.

त्या मुलीला आम्ही नंतर भेटलो. सांगितले, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स पक्के कर, मेडिकल तपासणीचे नियम आधी वाचून घे, बाकीच्यासाठी अर्ज आणि पाठपुरावा आपण मिळून करू. तिने वही काढून लिहून घेतले, आणि वर विचारले, "अर्ज कुठे करायचा?" आजच्या घडीला आमच्याकडे तिला देण्यासारखा एकही पक्का पत्ता नाही. तो तयार करून घेणे हे आपल्या संघटनांचे काम आहे.