खडू हातात आला, शिकवायचं कसं?

शाळेत शिकवायला बी.एड. लागतं. इंजिनीअरिंगला शिकवायला? चांगली डिग्री असली की पुरे. हे असं कसं झालं, ते आज बघू.

सरकारला ही अडचण १९६०च्या दशकातच दिसली होती. पॉलिटेक्निकं वाढत होती, म्हणून मद्रास, कलकत्ता, चंदीगड आणि भोपाळला तंत्रशिक्षक प्रशिक्षण संस्था निघाल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला भोपाळ. आपल्या खान्देशला तसं सोयीचंच, भुसावळला गाडीत बसायचं!

मग आलं १९८३. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. त्याच वर्षी जळगावजवळ बांभोरीला इंजिनीअरिंग कॉलेज सुरू झालं. घराजवळ डिग्री, हे मोठंच होतं. पण राज्यभर कॉलेजं एका झटक्यात वाढली, शिकवणारे तितक्या वेगाने कुठून घडणार? काल बाकावर बसलेला पोरगा आज फळ्यासमोर. हातात टाइमटेबल, बस्स. त्यात आपल्याकडे समोरची कितीतरी पोरं घरी अहिराणी बोलणारी आणि पुस्तक इंग्रजीत. हा पूल बांधायचा कसा, ते कुठल्या डिग्रीत शिकवतात?

आता एआयसीटीईने नव्या शिक्षकांसाठी आठ मोड्यूलचा ऑनलाइन कोर्स आणलाय. चांगलंय. पण मला विचाराल तर मोड्यूल रात्री मोबाईलवर उरकता येतात. मागच्या बाकावर बसून लेक्चर ऐकणारा, नंतर चहा पिताना “सर, जरा हळू बोला” म्हणणारा सिनियर मात्र डाउनलोड होत नाही. तुमच्या कॉलेजात आहे का असा कोणी? व्हॉइस नोट पाठवा.